न्यूट्रल कुणाचा? नवा सोलर इन्व्हर्टर आणि घराचं जुनं वायरिंग

पाऊस ओसरला की गच्च्यांवर पॅनल चढायला लागतात आणि दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग साचतो. यंदाच्या ढिगात एक गोष्ट सारखी दिसली. पॅनल किती वॅटचं, कोणत्या कंपनीचं, सबसिडी किती, हे लोकांना तोंडपाठ आहे. घरातल्या डीबीचं, म्हणजे सगळे खटके असतात त्या पेटीचं, झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या वेळी फक्त वायरिंगचे प्रश्न निवडलेत.

प्रश्न (कराड): आमच्याकडे ३ किलोवॉटचं ऑन-ग्रिड सोलर आहे. बिल कमी झालं, तक्रार नाही. पण परवा भर दुपारी लाईट गेली आणि सोलर असून घरातले पंखे बंद. गच्चीवर एवढं ऊन पडलेलं असताना वीज का नाही? वायरमन म्हणतो, "एक वायर मारून देतो, चालू होईल." मारू द्यावी का?

उत्तर: नको. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये बिघाड नाही, तो शहाण्यासारखा वागतोय. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या तालावर आपला ताल जुळवून वीज सोडतो. समोरचा ताल थांबला की त्याला दोन सेकंदांच्या आत थांबावंच लागतं. आपल्याकडे त्यासाठी आयएस १६१६९ या मानकाची चाचणी आहे. कारण उघड आहे. लाईट गेल्यावर खांबावर लाईनमन चढतो. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी त्या तारेत गेली तर त्याचा जीव जाईल.

आता ती "एक वायर". अशी वायर मारलेली दोन घरं मी पाहिली आहेत. जुन्या बॅटरी इन्व्हर्टरचं आउटपुट सोलर इन्व्हर्टरला दाखवायचं, म्हणजे त्याला वाटतं लाईट आली, अशी ती युक्ती. सोलर फसतो आणि मिनिटभराने पूर्ण जोमात वीज ओतायला लागतो. घरात चालू असतात तीन पंखे. उरलेली वीज जायची कुठे? बॅटरी इन्व्हर्टरच्या पोटात उलटी. एका घरात त्याचं कार्ड जळून काळं झालं होतं. दुसऱ्या घरात मेन स्विच चालूच राहिलेला, वीज थेट खांबावर. नशीब, तेव्हा वर कुणी नव्हतं.

तुम्हाला लाईट गेल्यावर तीन पंखे आणि चार दिवे एवढंच हवं असेल, तर सोलर आहे तसंच राहू द्या आणि त्या पाच-सात पॉइंटपुरता साधा बॅटरी इन्व्हर्टर वेगळा लावा. फ्रिज, पंप, टीव्ही सगळंच हवं असेल तरच हायब्रिड, म्हणजे सोलर, बॅटरी आणि महावितरणची लाईन तिन्ही एकत्र सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरचा विचार करा. मग मात्र वायरिंग बदलावं लागेल. ते कसं, ते खालच्या पत्रात येतंच आहे.

प्रश्न (नाशिक): दादा, आम्ही जुना बॅटरी इन्व्हर्टर काढून ५ किलोवॉटचा हायब्रिड बसवला. त्या दिवसापासून आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा खटका) सारखा पडतो. बसवणारे म्हणतात तुमचं वायरिंग खराब, आमचा वायरमन म्हणतो इन्व्हर्टर खराब. इन्व्हर्टर एकदा बदलूनही मिळाला, तरी तेच. जुना इन्व्हर्टर याच वायरिंगवर पंधरा वर्षं निमूट चालला. आता दोघांचं एकमत झालंय की आरसीसीबीच काढून टाकू.

उत्तर: ताई, त्या दोघांचं एकमत झालंय ते नेमकं चुकीच्या गोष्टीवर. आरसीसीबीला हात लावू देऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय तुमच्याकडे: इन्व्हर्टर बदलून झाला, दुखणं न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरमध्ये आहे.

जुना इन्व्हर्टर का चालला ते आधी बघू. साध्या बॅटरी इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल इनपुटकडून आउटपुटकडे सरळ जातो, मध्ये तुटत नाही. हे वायरमन मंडळींना माहीत असल्याने त्यांनी वर्षानुवर्षं एकच वायर ओढली: इन्व्हर्टरकडून बोर्डापर्यंत फेज, म्हणजे वीज आणणारी वायर. न्यूट्रल घराचाच, आधीपासून असलेला. एक वायर वाचली, पाइपमध्ये जागा वाचली, काम झटपट. मीही उमेदीच्या काळात असं केलंय, खोटं कशाला बोलू.

हायब्रिडचं तसं नसतं. त्याला ग्रिडकडचे, म्हणजे महावितरणच्या लाईनचे, फेज-न्यूट्रल वेगळे आणि बॅकअपचे, म्हणजे लाईट गेल्यावर चालणाऱ्या सर्किटांचे, फेज-न्यूट्रल वेगळे. लाईट गेली की बहुतेक मॉडेल्स आतल्या रिलेने ग्रिडचा न्यूट्रलसुद्धा तोडतात आणि बॅकअपची बाजू स्वतंत्र करतात. आता तुमच्या घरात बॅकअपचा फेज पंख्यातून जातो आणि परत येतो तो जुन्या, सामायिक न्यूट्रलवरून मेन डीबीत. आरसीसीबीचं काम हिशेबनिसाचं. फेजमधून जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत यायला हवं. ३० मिलीअँपियरचा फरक दिसला की तो खटका पाडतो. तुमच्याकडे परतीचा पैसा भलत्याच खात्यात जमा होतोय. हिशेबनीस बोंब मारणारच.

सामायिक न्यूट्रल सापडतो कुठे, ते सांगतो. गेल्या वर्षी साताऱ्यातल्या एका बंगल्यात असंच दुखणं होतं. डीबी चकाचक, सगळं नवं. दोष सापडला बैठकीच्या खोलीतल्या बोर्डात. फ्रंट प्लेट काढली तर पंख्याचा फेज बॅकअपकडून आलेला, शेजारच्या १६ अँपियरच्या सॉकेटचा फेज मेन डीबीकडून, आणि दोघांच्या काळ्या वायरी एकत्र पिळून एकाच स्क्रूखाली. वर टेप. टेपचा डिंक सुटून बोटाला चिकटत होता, इतकी जुनी. त्या एका पिळामुळे इन्व्हर्टर दोनदा दुकानात जाऊन आला होता.

तुमच्या वायरमनला हे करायला सांगा. बॅकअपच्या एकेका एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की पडणारा खटका) लोड चालू ठेवून त्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून टोंग टेस्टरच्या, म्हणजे वायर न तोडता प्रवाह मोजणाऱ्या चिमटा-मीटरच्या जबड्यात धरायचे. न्यूट्रल स्वतःचा असेल तर आकडा शून्य दिसेल, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो. शून्य नसेल तर तिथे भेसळ आहे. मग मेन, इन्व्हर्टर, बॅटरी सगळं बंद करून, सगळी उपकरणं सॉकेटमधून काढून, सर्व न्यूट्रल लिंकवरून (ते सगळे जिथे स्क्रूने जोडतात ती पट्टी) सोडवायचे आणि मल्टिमीटरने बॅकअपचा एकेक न्यूट्रल मेनच्या एकेका न्यूट्रलशी तपासायचा. जिथे बीप वाजेल, ती जोडी कुठल्या तरी बोर्डात एकत्र आहे. मग बोर्ड उघडत जायचं. चार खोल्यांच्या घरात दोन माणसांचा एक पूर्ण दिवस जातो. या कामाचा फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून बसवणाऱ्या मंडळींना ते करायला आवडत नाही.

सापडल्यावर तीन वाटा. पाइपमध्ये जागा असेल तर जुन्या वायरीच्याच साहाय्याने नवा काळा न्यूट्रल ओढून घ्यायचा. जागा नसेल तर त्या बोर्डाचं १६ अँपियर सॉकेटही बॅकअपवर घ्यायचं, म्हणजे अख्खा बोर्ड एका बाजूचा होतो. फक्त तिथे गीझर किंवा इस्त्री लावायची नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. तिसरी वाट म्हणजे भिंतीवरून पीव्हीसी पट्टी. दिसायला बरी दिसत नाही, पण चालते. काहीही केलं तरी बॅकअपची डीबी वेगळी, तिची न्यूट्रल लिंक वेगळी आणि तिचा आरसीसीबी वेगळा. दोन्ही लिंकमध्ये एकसुद्धा जोड नको.

शेवटी एक तपासणी राहते, ती मुद्दाम करून घ्या. मेन बंद करून इन्व्हर्टर बॅटरीवर चालू असताना बॅकअपचा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजायचा. तो शून्याच्या आसपास असेल तर इन्व्हर्टर आतून न्यूट्रल अर्थला बांधतोय. शंभरच्या घरात आकडा आला तर न्यूट्रल अधांतरी आहे आणि अशा वेळी आरसीसीबी असून नसल्यासारखा. त्याची सोय त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेली असते, कुठे सेटिंगमधून, कुठे बाहेरून रिले लावून. अंदाजाने जोडू नका.

प्रश्न (सांगली): आमचं थ्री फेज कनेक्शन आहे. हायब्रिड सिंगल फेज घेतला. वायरमनने तिन्ही फेजवरचे दिवे, पंखे, सॉकेट एकत्र करून इन्व्हर्टरवर आणले. सगळं चालतं, आरसीसीबी वगैरे काही बसवलेलंच नाही, त्यामुळे पडतही नाही. पण पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्सजवळ अधूनमधून जळका वास येतो.

उत्तर: हे वाचून झाल्याबरोबर ती सर्किटं बंद करा, मग पुढचं वाचा.

थ्री फेज घरात कित्येकदा तीन फेजच्या तीन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल ओढलेला असतो. तिन्ही फेजवर प्रत्येकी १० अँपियर चालू असेल, तर फेज एकमेकांच्या मागेपुढे असल्याने न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना खोडतात आणि न्यूट्रल जवळजवळ रिकामा राहतो. त्यामुळे वीस वर्षं काही झालं नाही. आता तिन्ही सर्किटं इन्व्हर्टरच्या एकाच फेजवर आली. खोडण्याचा प्रश्नच मिटला. १० अधिक १० अधिक १०, असे ३० अँपियर त्या एका काळ्या वायरमधून. वायर असेल २.५ चौरस मिलिमीटरची, जी पाइपमध्ये वीसेक अँपियरची धनी. आणि एमसीबी? प्रत्येक फेजवरच्या एमसीबीला आपापले १० अँपियरच दिसतात. तो का पडेल? न्यूट्रलवर पहारा कुणाचाच नाही. वास त्याचाच आहे.

यावर टेप-बीपचा उपाय नाही. त्या प्रत्येक सर्किटाला स्वतंत्र न्यूट्रल डीबीपर्यंत हवा. तो ओढेपर्यंत ती सगळी सर्किटं इन्व्हर्टरवरून काढून परत आपापल्या फेजवर पाठवा. आणि आरसीसीबी बसवा. 

प्रश्न (पुणे): विक्रेता म्हणतो, "अख्खं घरच बॅकअपवर घ्या, ५ किलोवॉट आहे की!" घरात दोन एसी, गीझर, इंडक्शन, फ्रिज, १ एचपीचा पंप. बॅटरी लिथियमची, ५१.२ व्होल्ट १०० अँपियर-तासांची.

उत्तर: ५ किलोवॉट हा नळाचा व्यास झाला; टाकीत पाणी किती ते बॅटरी सांगते. ५१.२ गुणिले १०० म्हणजे ५.१२ युनिट. त्यातले साडेचार हाताशी धरा. चार बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे पंखे मिळून १२० वॅट, दिवे ५०, टीव्ही ८०, राउटर १०, फ्रिजची सरासरी ६० म्हणू. झाले ३२० वॅट. रात्र काढून सकाळचा चहा होईपर्यंत बॅटरी टिकते. त्याच बॅटरीवर कुणी २ किलोवॉटचा गीझर तासभर चालू ठेवला तर निम्मी टाकी आंघोळीत गेली.

म्हणून गीझर, इंडक्शन आणि एसी मेन डीबीवरच. एक एसी, तोही इन्व्हर्टर प्रकारचा, दिवसा उन्हात बॅकअपवर चालवायचा असेल तर समजू शकतो. पंपाचं वेगळं दुखणं: १ एचपी म्हणजे ७४६ वॅट असं आपण म्हणतो, पण सुरू होताना तो पाच-सहा पट प्रवाह ओढतो. तो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर एकाच क्षणी उठले तर इन्व्हर्टर धाप टाकून बसतो. पंप बॅकअपवर हवाच असेल तर त्याला स्वतंत्र एमसीबी द्या.

बॅटरीच्या केबलकडे मात्र कुणी बघत नाही. ५ किलोवॉट भागिले ४८ म्हणजे शंभरावर अँपियर. तिथे ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, लग (केबलच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) हत्याराने नीट दाबून क्रिम्प केलेले, लांबी शक्य तितकी कमी आणि बॅटरीजवळ फ्यूज. लग हातोडीने ठोकून बसवलेले मी पाहिलेत. हात लावून बघा, तासभर लोड चालल्यावर लग गरम लागतो का ते.

प्रश्न (बारामती तालुका): शेतातलं घर. मीटर रस्त्याकडे खांबाजवळ, घर ३५ मीटर आत. ५ किलोवॉट सोलर. दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर सारखा बंद-चालू होतो, स्क्रीनवर "ग्रिड ओव्हर व्होल्टेज" येतं. कंपनीचा पोरगा म्हणाला, सेटिंगमध्ये दुसरा देश निवडला की थांबेल.

उत्तर: दुसरा देश निवडला तरी खांब बारामतीतच राहणार. इन्व्हर्टरला चालणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा अशी वाढवून तो चालेल, पण २६० व्होल्ट तुमच्या फ्रिजला आणि टीव्हीला मिळत राहतील. करू देऊ नका.

पाणी उंचावरून खाली वाहतं, तशी वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा थोडं वर जावं लागतं. किती वर, ते वायर ठरवते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा १०० मीटरला रोध साधारण १.७५ ओहम. तुमचं जाऊन-येऊन अंतर ७० मीटर. ४ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर रोध ०.३१ ओहम, ५ किलोवॉटचे २२ अँपियर त्यातून गेले की जवळजवळ ७ व्होल्ट चढतात. मीटरजवळ २४८ असतील तर इन्व्हर्टरला २५५ दिसणार आणि तो घाबरून बंद होणार. बंद झाला की व्होल्टेज उतरतं, तो परत उठतो, परत तेच. १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर हीच चढण पावणेतीन व्होल्टवर येते. केबल ॲल्युमिनियमची घ्यायची असेल तर एक-दोन साईज मोठी घ्या आणि तांब्याशी जोडताना बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग वापरा; नुसत्या पिळलेल्या जोडाला पावसात बुरशी धरल्यासारखी पांढरी पूड येते.

केबल बदलण्याआधी भर दुपारी इन्व्हर्टर बंद ठेवून मीटरजवळचं व्होल्टेज मोजा. आपल्याकडे २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ एवढी मुभा आहे. सोलर बंद असतानाच २५० दिसत असेल तर दोष तुमच्या केबलचा नाही, रोहित्राच्या टॅपचा, म्हणजे त्याचं व्होल्टेज वर-खाली करायच्या सोयीचा आहे. तीन दिवसांचे आकडे वेळेसकट लिहून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेली तक्रार हवेत जाते.

प्रश्न (अमरावती): पॅनलकडून येणाऱ्या लाईनवर आमच्या इलेक्ट्रिशियनने घरात पडून असलेला नेहमीचा ३२ अँपियरचा एमसीबी लावला. चालतं का? डीसीचा एमसीबी बराच महाग सांगतात.

उत्तर: चालतं, बंद करायची वेळ येईपर्यंत. घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्या क्षणी एमसीबीतली ठिणगी आपोआप विझते. पॅनलची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज शून्यावर येतच नाही. तुमच्या दहा पॅनलची माळ ५०० व्होल्टच्या आसपास असणार. साधा एमसीबी त्यावर खाली पाडला की आत ठिणगी पेटून राहते, वेल्डिंगसारखी, आणि प्लास्टिक वितळेपर्यंत राहते.

त्यात आणखी एक खोच. पॅनल शॉर्ट झालं तरी त्याचा प्रवाह नेहमीपेक्षा थोडाच वाढतो. ५४० वॅटचं पॅनल काम करताना १३ अँपियर देतं आणि पूर्ण शॉर्ट केलं तर १४. म्हणजे ३२ अँपियरचा एमसीबी पडण्याचा प्रश्नच नाही, डीसीचा लावला तरी. म्हणून डीसीच्या बाजूला जोड पक्के असणं हेच खरं संरक्षण. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी-फोर कनेक्टर दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे, नीट हत्याराने क्रिम्प केलेले. टेप मारलेला जोड गच्चीवर अजिबात नको. डीसी एमसीबीवर अधिक-उणेच्या खुणा असतील तर त्या उलट लावल्या तरी तोच जाळ होतो. आणि बंद करताना क्रम: आधी एसी, मग डीसी. चालू लोडवर कनेक्टर ओढू नये, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. मेन पाडला तरी दिवसा गच्चीवरून खाली येणाऱ्या त्या दोन वायरींत वीज असतेच.

प्रश्न (लातूर): अर्थिंगचे तीन खड्डे सांगितलेत. घराला आधीच एक अर्थिंग आहे, शिवाय बोअरचा लोखंडी केसिंग पाइप आहे. तीन कशाला?

उत्तर: एक पॅनलच्या सांगाड्याला आणि डीसी बाजूला, एक इन्व्हर्टर-एसी बाजूला, एक वीजरोधकाला, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरला. वीजरोधकाचा खड्डा बाकीच्यांपासून दूर आणि त्याची पट्टी घरात न आणता बाहेरून सरळ खाली. केसिंगला जोडू नका. त्याच बोअरवर पाणी भरताना लोक उभे असतात. तुमच्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंग सुटतं, तेव्हा मोजणी मे महिन्यात करून घ्या. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग उत्तम असतं.

प्रश्न (संगमेश्वर तालुका): आजोबांच्या काळातलं जांभ्याचं कौलारू घर. लाकडी पट्टीतलं वायरिंग, किटकॅट फ्यूज, अर्थिंग फक्त स्वयंपाकघरात. इतकी वर्षं गणपती आणि शिमग्यापुरते यायचो, आता निवृत्तीनंतर कायमचे येतोय. सोलरसाठी सगळं घर फोडावं लागेल का?

उत्तर: घर फोडू नका. जांभ्याची भिंत चिरून कन्सील्ड करण्यात काही शहाणपण नाही. ओल धरणाऱ्या भिंतीत पाइप गाडून उद्या तुम्हीच पस्तावाल.

आधी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं मीटर लावून घ्या, ५०० व्होल्टचा. सगळी उपकरणं, दिवे काढून फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या विरुद्ध मोजायचं. एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती वायर संपली. पण ही मोजणी एप्रिलमध्ये केली तर तुमची फसगत होईल. कोरड्या लाकडात कुजकी वायरही छान आकडा दाखवते. आषाढात, चार दिवस झड लागल्यावर मोजा. मी देवरुखकडच्या एका घरात शिमग्याला पास झालेलं वायरिंग श्रावणात नापास होताना पाहिलंय. पट्टीचं झाकण काढलं तर आत रबर पापडासारखं तडकलेलं आणि उंदरांनी मधली दोन वीत तांबं उघडं केलेलं.

माझं मत विचाराल तर जुनं वायरिंग दुरुस्त करत बसू नका आणि त्याला नवा इन्व्हर्टरही जोडू नका. मीटरजवळ नवी डीबी घ्या. तिथून पीव्हीसी पाइपमध्ये वाशांच्या कडेने नवी सर्किटं: दिवे-पंख्यांना १.५, सॉकेटना २.५, गीझरला ४ चौरस मिलिमीटर, प्रत्येकाला फेज, न्यूट्रल, अर्थ या तीन वायरी. माजघर, पडवी, स्वयंपाकघर, निजायची खोली एवढं पहिल्या हप्त्यात. देवघरातला दिवा आणि माळा हवं तर पुढच्या वर्षी. लाकडी पट्टी भिंतीवरून काढू नका, आतली वायर काढा. पट्टी शोभेला राहू दे, सागवानी आहे ती.

डीबीच्या पेटीची सगळी भोकं ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावून बंद हवीत. कोकणात शॉर्ट होण्याचं कारण पुष्कळदा पाल असते, मुंग्या असतात, एकदा तर गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) घ्या, खाऱ्या हवेला रंग दाद देत नाही. एसी आणि डीसी दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं साधन) लावा. मे अखेरीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा तुम्हाला मी सांगायला नकोत. पॅनल कौलांवर चढवण्यापेक्षा अंगणात उंच सांगाड्यावर बरे, फक्त माडापासून लांब.

प्रश्न (जळगाव): पीएम सूर्यघर योजनेच्या सबसिडीत वायरिंगचा खर्च बसतो का? मंजूर भार २ किलोवॉट आहे आणि ३ किलोवॉट बसवायचंय.

उत्तर: नाही बसत. सबसिडी पॅनलच्या क्षमतेवर ठरते: पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, ३ किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये. बॅटरी घेतली म्हणून वाढत नाही, घराचं वायरिंग केलं म्हणूनही वाढत नाही. मीटरनंतरची वायर तुमची, खर्च तुमचा. मंजूर भार मात्र अर्जाबरोबरच वाढवून घ्या आणि भार वाढला की मेन एमसीबी आणि मीटरपासूनची वायर त्याला साजेशी आहे का, तेही बघा. कोटेशन मागताना "अंतर्गत वायरिंग आणि न्यूट्रल वेगळा करणे" अशी ओळ वेगळी लिहून घ्या. ती ओळ नसली की काम झाल्यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रश्न (कोल्हापूर): बॅकअपचे न्यूट्रल वेगळे करताना काळी वायर संपली म्हणून आमच्या वायरमनने दोन खोल्यांत हिरवी वायर न्यूट्रलला वापरली. म्हणतो, "वायर वायर असते, मला माहीत आहे कुठली कुठे गेली." काम चांगलं झालंय. तरी विचारतो.

उत्तर: काम चांगलं झालेलं नाही. हिरवी वायर अर्थची. पाच वर्षांनी दुसरा कुणी येईल, बोर्ड उघडेल, हिरवी वायर बघून मिक्सरच्या, वॉशिंग मशिनच्या अर्थ पिनला जोडेल आणि मशिनच्या पत्र्यावर परतीचा प्रवाह येईल. तेव्हा तुमच्या वायरमनला काय माहीत होतं, याचा उपयोग नाही. दोन्ही खोल्यांतली हिरवी काढायला लावा, काळी ओढून घ्या, आणि ते होईपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका.